मतपत्रिकेवर एकच नाव

ऐन अल-लोझ, करक
२० सप्टेंबर १९९३

प्रिय जिरयेस,

सलाम. पत्राला फार उशीर झाला, माफ कर. तुझं उन्हाळ्यातलं पत्र मी खिशात घेऊन फिरतो आहे, घड्यांवर फाटायला आलं. रोज ठरवतो की आज उत्तर लिहायचं. लिहायला बसलो की वाटतं, हे लिहिलं तर तू असं समजशील, ते लिहिलं तर तसं समजशील. मग कागद चुलीत जातो. फिद्दा म्हणते, "तुमच्या पत्रांवर आठवडाभर रोटी भाजून झाली. आता एखादं त्या बिचाऱ्यालाही पाठवा." फोन करावा तर तो वाण्याच्या दुकानात, आणि तिथे चार कान नेहमीच बसलेले.

बसवाला सांगत होता की तू यंदाही उभा राहतो आहेस, आपल्या जिल्ह्यात ख्रिस्त्यांसाठी राखीव असलेल्या जागेवर. खरं का? खरं असेल तर मला आनंद आहे. आनंद आहे म्हणून लिहिलं, पण रात्रीची झोप गेली तेही खरं.

कारण इकडे आमचा हाबिस उभा आहे. माझ्या मेलेल्या भावाचा मुलगा, माझ्या ताटात जेवून मोठा झालेला. त्याच्यासह तिघांना उभं राहायचं होतं, तेव्हा भावकीने आधी आपसातच मतदान घेतलं. बैठकीत टोपली ठेवली, चिठ्ठ्या टाकल्या, हाबिस आला. बाकीच्या दोघांनी त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि बाहेर जाऊन एकमेकांशी भांडले.

गेल्या वेळी, आठवतं ना, जितक्या जागा तितकी नावं लिहायची होती. नऊ नावं! मी पहिलं आमच्या माणसाचं लिहिलं, दुसरं तुझं, आणि उरलेल्या जागा भरता भरता दाताच्या डॉक्टरचंही लिहून टाकलं. तेव्हा मत म्हणजे लग्नाच्या आमंत्रणासारखं होतं. भाऊबंदांना, शेजाऱ्याला, सोयऱ्याला, सगळ्यांना पुरायचं. आता रेडिओवर नवा कायदा सांगतात, एका माणसाने एकच नाव लिहायचं. ज्याने हे काढलं त्याला भाऊ आणि मित्र दोन्ही नसतील का रे? आणि दिवस कोणता निवडला, तर आठ नोव्हेंबर, ऐन जैतुनाच्या तोडणीत. झाडावर चढायचं की रांगेत उभं राहायचं?

तू खरंच उभा आहेस का ते कळव. आणि नसशील तर... नाही, हे वाक्य वाचू नकोस.

तुझा सलामा

---

मादबा
२९ सप्टेंबर १९९३

सलामा, अरे काळजीच्या पोत्या,

ते वाक्य मी दोनदा वाचलं. खोडायचं होतं तर नीट खोडायचंस. तुला लिहायला मी शिकवलं, खोडायला शिकवायचं राहून गेलं.

हो, उभा आहे. का, ते तुला सांगतो, सभेत नाही सांगणार. बायको गेल्यापासून मी इथे मुलीच्या घरी आहे. मुलगी चांगली, जावई त्याहून चांगला, पण मी जिथे बसतो ती खुर्ची जावयाची आहे आणि ती रिकामी कधी होईल याची वाट तो फार अदबीने पाहतो. गावात परत यायचं तर कशासाठी? आपल्या ख्रिस्ती घरांपैकी बहुतेकांना कुलूप आहे. नुसता म्हातारा म्हणून आलो तर लोक म्हणतील, मुलीने हाकललं. उमेदवार म्हणून आलो तर म्हणतील, या, बसा, कॉफी घ्या.

हिशेब साधा आहे. ख्रिस्ती मतं जिल्हाभर पसरलेली आणि आम्हा उमेदवारांत वाटली गेलेली. त्यात तुमच्या लोकांची थोडी पडली तर मी येईन, नाही तर नाही. पण खरं सांगू? निवडून येण्याचं मला एवढं नाही. माझ्याच गावच्या पेटीत माझं नाव निघतं का, ते मला पाहायचं आहे. निघालं तर घराची डागडुजी करून तिथेच मरेन. नाही निघालं तर घर विकतो आणि मुलाकडे, नाएलकडे सिडनीला जातो. तो दोन वर्षं बोलावतो आहे.

नाएल सांगतो, तिकडे मतदान शनिवारी असतं, लोकांना सुट्टी असते म्हणून. आणि नाही गेलं तर दंड. कागदावर सगळ्यांची नावं छापलेली असतात आणि त्यांच्यापुढे आकडे घालायचे, एक, दोन, तीन. पहिल्याचं जमलं नाही तर मत दुसऱ्याकडे जातं. बघ, तुझ्यासारख्यांसाठीच केलेलं आहे. एक हाबिस, दोन जिरयेस. पण मग मी तुझ्याशी भांडलो असतो की साठ वर्षांच्या दोस्तीनंतरही मी दुसराच का?

सलामा, मी तुझ्याकडे मत मागत नाही. मागितलं तर तुला दोन महिने अपचन होईल. एकच सांगतो. तुमच्या बैठकीत शपथा सुरू झाल्या की उठून बाहेर जा. पोट बिघडल्याचं सांग, ते खोटंही नसेल. शपथ तेवढी घेऊ नकोस.

फिद्दाला सलाम. तिच्या हातच्या लोणच्याच्या बरणीला त्याहून मोठा सलाम.

जिरयेस

---

ऐन अल-लोझ
२१ ऑक्टोबर १९९३

प्रिय जिरयेस,

पुन्हा उशीर. काय करू, इकडचे दिवस विचित्र चालले आहेत.

परवा रात्री बैठक होती. हाबिसने दोन बकरे कापले, मनसफच्या भात-मटणाची परात चौघांनी उचलून आणली. जेवणाआधी कोणी काही बोलत नाही, तुला माहीत आहे. हात धुतले आणि मग बोलणं निघालं. हाबिसचा मेहुणा उठून म्हणाला, "गेल्या वेळी भावकीची मतं मोजली होती, आणि पेटीतून निघाली ती कमी. कोण कुठे गेलं ते आजवर कळलं नाही."

कोणी म्हणालं, "नऊ नावं होती, गर्दीत कुठे तरी सांडली असतील."

"आता एकच आहे. सांडायला जागा नाही."

मग मेहुण्याने नवीन अक्कल काढली. मतदानाच्या दिवशी आमच्या सगळ्यांनी आत जाऊन सांगायचं की मी निरक्षर आहे. म्हणजे कागद हातात मिळत नाही. केंद्राचा प्रमुख विचारतो, तुम्ही तोंडाने नाव सांगायचं, तो लिहितो. आणि आमचा प्रतिनिधी शेजारी बसलेला, त्याच्या कानावर पडतंच. म्हणजे कोण इमानी, कोण नाही, ते जागीच कळलं.

एक शाळामास्तर आहे आमच्यात, तो म्हणाला, "मी निरक्षर? मी या पोरांना बाराखडी शिकवतो, आणि केंद्र माझ्याच वर्गात आहे!"

"एक दिवस शिकवू नकोस," मेहुणा म्हणाला, आणि सगळे हसले. मीही हसलो. मग घरी येऊन बसलो तर मला फौजेतली मफ्रकची छावणी आठवली. तू राशनच्या खोक्याच्या फळीवर कोळशाने अक्षरं काढायचास आणि मी गिरवायचो. सार्जंट आला की फळी उलटी करून तिच्यावर कांदा चिरायचा.

पुढे शपथा झाल्या. एकेक जण तलाकची शपथ घेत गेला, की मत दुसरीकडे गेलं तर माझी बायको माझ्यावर हराम. मी कोपऱ्यात होतो, उशीला टेकून. गर्दी फार होती. माझ्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

जिरयेस, हे मी पक्कं लिहितो, आणि हा कागद चुलीत जाणार नाही: माझं मत तुला आहे. हाबिसला मतं पुष्कळ आहेत. माझ्या एका मताने तो पडणार नाही, पण तू माझ्या एका मताने गावात राहशील. मी आत जाईन, कागद मागेन, स्वतःच्या हाताने तुझं नाव लिहीन. हे कोणाला दाखवू नकोस. वाचून जाळ.

फिद्दा लोणचं पाठवते आहे, बसवाल्याच्या हाती. झाकण सैल आहे, आडवी करू नकोस.

तुझा सलामा

---

मादबा
३० ऑक्टोबर १९९३

सलामा,

बरणी आली. आडवीच आली. बसवाल्याची गादी महिनाभर आंबटाचा वास देईल.

तुझं पत्र वाचून मी दारं लावून घेतली आणि म्हाताऱ्याने करू नये तेवढा वेळ रडलो. मुलगी म्हणाली, "बाबा, काय झालं?" म्हटलं, "लोणचं तिखट आहे."

पण ऐक. तू मला बैठकीचं जे लिहिलंस त्यानंतर मी ते वचन तुला परत करतो. तुला कागद मागावा लागेल, आणि कागद मागितला की उरलेलं सगळं त्यांना आपोआप कळेल. तुला त्याच गल्लीत राहायचं आहे. त्या दिवशी जमेल असं वाटलं तर लिही. नाही वाटलं तर घरी झोपून राहा. ताप आला म्हणावं. आपल्याकडे घरी बसायला दंड नाही, हे एक बरं आहे. तू घरी बसलास तर मी ते मत मला मिळालं असंच धरीन. हे मी मनापासून लिहितो.

फक्त तिथे जाऊन दुसऱ्याचं नाव देऊ नकोस.

जिरयेस

---

मादबा
१५ नोव्हेंबर १९९३

सलामा,

आठवडा झाला, तुझी एक ओळ नाही, म्हणून मीच लिहितो.

निकाल तू ऐकलाच असशील. मी पडलो. फार मतांनी नाही. तुझा हाबिसही पडला म्हणे, त्याबद्दल वाईट वाटलं. पोरगा वाईट नाही, मेहुणा वाईट आहे.

आपल्या गावच्या पेट्या उघडल्या तेव्हा माझा मादबातला पुतण्या तिथे बसला होता. पुरुषांच्या पेटीत माझं एकच मत निघालं आणि ते माझंच, सकाळी सगळ्यांत आधी मीच टाकलेलं. बायकांच्या पेटीत एक निघालं. ते कोणाचं, मला कळलं नाही. आमच्या ख्रिस्ती घरांत उरलेल्या दोघी आजीबाई त्या दिवशी अम्मानला होत्या, लग्नाला. जी कोणी असेल तिला माझा सलाम सांग. नाव मला कळवू नकोस, तिला त्रास होईल.

तुला ताप आला होता ना? मी तसंच धरून चाललो आहे. आता कसा आहेस?

जिरयेस

---

ऐन अल-लोझ
४ डिसेंबर १९९३

प्रिय जिरयेस,

हो, ताप होता. मतदानाच्या आदल्या रात्री थंडी वाजून आली, अंगावर तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. सकाळी उठवेना. आमचा पोरगा हाकेम म्हणाला, बाबा, आपण उचलून नेऊ, मी म्हटलं नको. मग दवाखान्यातून गोळ्या आणल्या, पांढऱ्या, मोठ्या, गिळताना अडकायच्या. डॉक्टर म्हणाला घशाला सूज आहे. दुसरा म्हणाला छातीत आहे. चार दिवस नुसती मसुराची आमटी पीत होतो. म्हणून पत्रही लिहिता आलं नाही. आता बरा आहे. खोकला आहे थोडा.

तू पडलास याचं मला किती वाईट वाटलं ते लिहिता येत नाही.

फिद्दा तिच्या भावाकडे गेली आहे, पलीकडच्या गावात. त्याच्याकडे यंदा जैतून जास्त आहे, हात कमी पडले. आल्यावर तुझा सलाम सांगतो. मी एकटाच आहे, रोटी दुकानातून आणतो.

घर विकायची घाई करू नकोस. एका निकालावरून काय ठरतं?

तुझा सलामा

---

मादबा
१८ डिसेंबर १९९३

सलामा,

घर विकलं. करकच्या एका माणसाने घेतलं, त्याला तिथे गोदाम करायचं आहे. मागची जैतुनाची झाडं त्याला नको आहेत, तो ती काढणार. यंदाची फळं कोणी उतरवलेली नाहीत. तू उतरव. तेल तुझं.

दहा जानेवारीला माझं विमान आहे. नाएल न्यायला येतो आहे. नाताळनंतर मी इथे मोकळाच बसलेला असेन. तू ये. निरोप द्यायला असं काही नको, नुसता ये. दिवसभर बसू, मुलीला भरली कोबी करायला सांगतो, जावयाच्या खुर्चीत तुला बसवतो. फिद्दालाही आण. आता बोलायला निवडणूक नाही, काही नाही. आपण आपल्या गुडघ्यांबद्दल बोलू.

मी रोज सकाळच्या बसकडे बघेन.

जिरयेस

---

ऐन अल-लोझ
२२ फेब्रुवारी १९९४

प्रिय जिरयेस,

सिडनीचा पत्ता तुझ्या मुलीकडून घेतला. ती माझ्याशी चांगलं बोलली. तिला काही माहीत नाही असं दिसतं, आणि तेच मला जास्त लागलं.

मी आलो नाही, त्याबद्दल काय लिहू? मी निघालो होतो, हे खरं आहे, देवाची आण. सहा जानेवारीला सकाळच्या बसमध्ये बसलो, कोट घातला, तेलाचा डबा मांडीवर. मुजिबच्या घाटात बस वर चढून थांबते, लोक चहा पितात, तिथे मी उतरलो. ड्रायव्हरला म्हटलं पोटात कळ आली, तू जा. मग रस्ता ओलांडून उलट्या बसमध्ये बसलो. डबा त्या टपरीवाल्यालाच दिला.

आता सगळं सांगतो. मधेच थांबलो तर पुन्हा कधी जमणार नाही, म्हणून तू मधे रागावू नकोस, शेवटी रागाव.

बैठकीत माझ्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही असं मी लिहिलं होतं. गेलं होतं. हाबिसने स्वतः माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "काका, तुम्हीच राहिलात."

मी म्हटलं, "माझं काय, मी घरचाच आहे."

मेहुणा लगेच म्हणाला, "घरचेच आहात, पण तुमचा जीव शेजाऱ्यात अडकलेला आहे. गावाला ठाऊक आहे."

सगळे बघायला लागले. मला वाटलं, लहान शपथ घेतली तर त्यांना संशय येईल, तेव्हा मोठी घ्यावी. मी म्हटलं, "माझ्या घरातलं एकही मत बाहेर गेलं तर माझ्यावर तलाक." माझं नाही म्हटलं, घरातलं म्हटलं. तोंडातून गेलं. हाबिसने माझ्या डोक्याचं चुंबन घेतलं. आणि पडद्यामागे फिद्दा कॉफीचे पेले विसळत होती. पेल्यांचा आवाज थांबला तो मी ऐकला.

घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "माझं मत आणि माझा संसार एकाच वाक्यात टाकून आलात. मला विचारलंत?"

मी म्हटलं, "तू कुठे मत द्यायला जातेस? गेल्या वेळी तरी गेली होतीस का?"

ती म्हणाली, "गेल्या वेळी कोणी माझ्यावर शपथ घेतली नव्हती."

आणि त्यानंतर दोन दिवसांनी मी तुला ते वचन लिहिलं. लिहिताना खोटं नव्हतं. शपथही खरी, वचनही खरं, आणि मला वाटायचं, त्या दिवसापर्यंत काही तरी होईल. सरकार कायदा बदलेल, दिवस पुढे ढकलेल. मी रोज रेडिओ ऐकायचो. काही बदललं नाही.

ताप नव्हता. मी ठणठणीत होतो. हाकेमने मला गाडीतून नेलं, हाबिसचा फोटो पुढच्या काचेला चिकटवलेला. शाळेत गेलो. केंद्राचा प्रमुख परका होता, दुसऱ्या जिल्ह्यातला, चांगला माणूस. त्याने कोरा कागद माझ्यापुढे धरला. धरला, जिरयेस. हात पुढे करायचा तेवढा उशीर. आमचा प्रतिनिधी खुर्चीत सरसावून बसला.

मी म्हटलं, "मला लिहिता येत नाही. निरक्षर आहे."

प्रमुखाने माझ्या छातीकडे पाहिलं. "आजोबा, मग खिशात पेन कसलं?"

"नातवाचं आहे."

मग त्याने कागद स्वतःकडे ओढला आणि विचारलं, "नाव?"

मी हाबिसचं नाव सांगितलं. बापाच्या आणि आजोबाच्या नावासकट, एवढ्या मोठ्याने की दारातली माणसं वळली. प्रतिनिधीने मान हलवली. बाहेर आलो तर लोक मिठ्या मारत होते, जसं काही मी हजहून आलोय.

फिद्दा सकाळीच गेली होती, मला न सांगता, शेजारणींबरोबर. पुढचं मला इतरांकडून कळलं. तिने आत जाऊन सरळ म्हटलं, "जिरयेस. अबू नाएल, नाएलचा बाप. आमचा शेजारी." हाबिसची बहीण तिथे प्रतिनिधी होती. ती म्हणाली, "काकू, चुकताय तुम्ही!" फिद्दा म्हणाली, "चुकत नाही. मला लिहायला येत नाही, बोलायला येतं. लिहा हो बाई." तुला जे एक मत निघालं ते तिचं. तू नाव कळवू नकोस म्हणालास, पण कळवतो. ते गावभर झालंच आहे.

संध्याकाळी मी घरी आलो तर तिने बोचकं बांधलं होतं. म्हणाली, "तुमची शपथ मोडली. आता मी या घरात कोण आहे ते इमामाला विचारा." भाऊ गाडी घेऊन आला. गल्लीतली सगळी दारं उघडी होती.

इमाम म्हणाला, तुझ्या मनात बायको सोडायची नव्हती, धाक दाखवायचा होता, तेव्हा दहा गरिबांना जेवू घाल, ती तुझी बायकोच आहे. जेवू घातलं. तिच्या भावाकडे जाऊन सांगितलं. ती दारापर्यंत आली, म्हणाली, "इमामाने सांगितलं, ठीक. पण मी येईन ते जिरयेसला खरं कळल्यावर." मी म्हटलं लिहितो. आणि मग तुला त्या पांढऱ्या गोळ्यांचं लिहिलं.

मुजिबहून परत फिरलो त्या दिवशी घरी न जाता तिच्याकडेच गेलो. तिने विचारलं, "भेटलात?"

मी कोटाची बटणं सोडू लागलो.

"काय लिहिलं होतंत त्याला? खरं सांगा."

म्हटलं, "ताप आल्याचं. त्यानेच विचारलं होतं, ताप होता ना, म्हणून. मी हो म्हटलं. त्याला खरं वाटलं, मग उगीच कशाला..."

फिद्दाने माझ्याकडे असं पाहिलं की मी एकदम फार म्हातारा झालो. म्हणाली, "अबू हाकेम, तो फाटकाशी उभा होता. तुम्ही गाडीतून उतरलात तेव्हा मी बायकांच्या रांगेत होते. तो भिंतीला टेकून उभा, सिगारेट विझलेली हातात. तुम्ही आत गेलात ते त्याने पाहिलं. आतला आवाज फाटकापर्यंत येत होता. तुम्ही हाबिसचं नाव ओरडलात तेही त्याने ऐकलं. मग त्याने माझ्याकडे पाहून छातीवर हात ठेवला, सलाम केला, आणि उतारावरून निघून गेला. मी तेव्हाच ठरवलं की माझं मत कुठे जाणार."

जिरयेस, तू तिथे होतास. सगळं पाहून, ऐकून, तू मला आठवड्याने विचारलंस, ताप आला होता ना? आणि मी तुला गोळ्यांचा रंग सांगत बसलो.

तेव्हापासून मी हाच विचार करतो आहे. तू मला पांघरूण घालत होतास की मी खरं बोलतो का ते पाहत होतास? कधी वाटतं, दया होती. मग वाटतं, नाही, तू वाट बघत होतास, आणि म्हणूनच पुन्हा बोलावलंस, नुसता ये म्हणालास, आणि मी घाटातून परत फिरलो. रोज एक वाटतं, दुसऱ्या दिवशी दुसरं. रमजान सुरू आहे, रोजा सोडताना खजूर तोंडात धरून बसून राहतो, हाकेम म्हणतो, बाबा, गिळा.

तुझ्या झाडांची फळं मी उतरवली नाहीत. दोनदा शिडी नेली. पाडून टाकली पावसाने, खाली काळा सडा आहे. गोदामवाल्याने अजून कुऱ्हाड लावलेली नाही, पण माणसं मापं घेऊन गेली.

फिद्दाला मी सांगितलं की आज सगळं लिहिणार. ती म्हणाली, लिहिलंत हे मी कशावरून मानू? त्याच्या हातचं उत्तर आलं की निरोप धाडा, मी बोचकं बांधून तयारच आहे. पण खरं सांगू, मी उत्तर तिच्यासाठी मागत नाही. ती एक ना एक दिवस येईल. मी माझ्यासाठी मागतो.

क्षमा केली असं लिही असं मी म्हणत नाही. लिहायचं नसेल तर ते लिहू नकोस. शिव्या लिही. तुला किती शिव्या येतात ते मला छावणीपासून माहीत आहे. नाही तर तिकडचा उन्हाळा कसा आहे, नाएलच्या घरी तुला खुर्ची मिळाली का, एवढंच लिही. पण तू आपल्या हाताने लिही, मुलाकडून लिहवून घेऊ नकोस. आणि लवकर लिही. पत्र यायला तिथून तीन आठवडे लागतात असं पोस्टातला म्हणतो, आणि मी त्याला रोज विचारतो.

तुझा
सलामा